दोन तारखांमधला फरक: एमआरआय आणि एमएसची गोष्ट

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बसमध्ये किंवा ऑफिसला जाताना ऐकताना नावं आणि आकडे निसटले असतील, तर ते इथे सापडतील.

सुरुवात एका साध्या गोष्टीने करतो. रविवारच्या पुरवणीत एक कोडं असायचं बघा. शेजारीशेजारी दोन चित्रं आणि खाली लिहिलेलं, 'सात फरक ओळखा'. एकात पोराच्या टोपीला गोंडा, दुसऱ्यात नाही. आता विचार करा, दुसरं चित्र काढणाऱ्याने कागद थोडा तिरका धरला, पोरगं लहान काढलं आणि झाड मोठं काढलं, तर काय होईल? हजार फरक दिसतील आणि खरे सात त्यात हरवतील.

आजचा विषय आहे मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, आणि त्याला पकडणारं एमआरआय मशीन. माझ्या मते या दोघांचा सगळा इतिहास त्या कोड्यासारखा आहे.

हा विषय माझ्याकडे घरातून आला. आम्ही तिवस्याचे. २०१८च्या हिवाळ्यात माझी मोठी बहीण म्हणाली, "मले एका डोयानं धुकट दिसते." डोळा हलवला की दुखायचाही. तिला थेंब दिले, तीन आठवड्यांत नजर परत आली आणि सगळे विसरले. दोन वर्षांनी पावसाळ्यात तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, त्या जाईनात. आई म्हणाली, "कमजोरी आहे, बीट खात जा." शेवटी नागपूरच्या न्यूरोलॉजिस्टने पहिलाच प्रश्न विचारला, "याच्या आधी कधी डोळ्याला काही झालं होतं का?" आम्ही सगळे गप्प. डोळ्याचा आणि पायाचा काय संबंध?

संबंध होता. तो कसा शोधला गेला, तीच आजची गोष्ट.

पॅरिस, १८६८

आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, वायरवर प्लॅस्टिकचं असतं तसं. एमएसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून या आवरणावरच हल्ला करते. हल्ला डोळ्याच्या नसेवर झाला तर नजर धूसर होते, मज्जारज्जूवर झाला तर पाय बधिर होतात. म्हणून एकाच आजाराची लक्षणं एकमेकांशी नातं नसल्यासारखी दिसतात.

ती एका नावाखाली आणली जाँ-मार्तँ शार्को या फ्रेंच डॉक्टरने, १८६८ मध्ये, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात. त्याच्या घरी काम करणाऱ्या एका बाईचा किस्सा सांगतात. तिचे हात थरथरायचे आणि बशा फुटायच्या. शार्कोने तिला कामावरून काढलं नाही, कारण त्याला तिच्या आजाराकडे बघत राहायचं होतं. ती गेल्यावर त्याने शवविच्छेदन केलं, तेव्हा मेंदूत आणि मज्जारज्जूत ठिकठिकाणी घट्ट, करडे चट्टे सापडले. आजाराला त्याने दिलेल्या फ्रेंच नावाचा अर्थच 'चट्ट्यांचा काठिण्यरोग' असा होतो.

पुढे १९१६ मध्ये एडिंबराच्या जेम्स डॉसनने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की हे चट्टे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांपासून बोटांसारखे बाहेर निघतात. आजही रेडिओलॉजिस्ट त्यांना 'डॉसनची बोटं' म्हणतात.

पण अडचण लक्षात घ्या. शार्को असो की डॉसन, दोघांनाही चट्टे दिसले ते पेशंट गेल्यानंतर, म्हणजे सिनेमाची शेवटची एकच फ्रेम हातात. कोणता चट्टा आधी आला, कोणता नंतर, मधे किती आले आणि विरले, काहीच कळायला मार्ग नाही. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं जिवंत माणसात एमएसचं निदान लक्षणं विचारून, हातोडीने गुडघा ठोकून आणि पाठीच्या कण्यातलं पाणी तपासूनच होत राहिलं.

मुंबईमार्गे एक वळण

आता जरा भौतिकशास्त्र, पण घाबरू नका. शरीरात पाणी भरपूर आणि पाण्यात हायड्रोजन. मोठ्या चुंबकात ठेवलं की हायड्रोजनचे अणुगर्भ एका रांगेत येतात. त्यांना रेडिओ लहरीचा धक्का दिला की ते हलतात आणि परत जागेवर येताना स्वतःचा बारीक सिग्नल सोडतात. याला आधी एनएमआर म्हणायचे. त्यातला 'एन' म्हणजे न्यूक्लिअर. तो शब्द ऐकून पेशंट बिचकायचे, म्हणून दवाखान्यात येताना तो गळाला आणि 'एमआरआय' उरलं.

या विज्ञानात आपल्याकडचं एक नाव आहे, जे फारसं कुणी घेत नाही. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून एक शोधनिबंध आला. अल्कोहोलच्या एकाच रेणूतले हायड्रोजन तीन वेगळे सिग्नल देतात, असं त्यात दाखवलं होतं. म्हणजे हायड्रोजन कुणाच्या शेजारी बसला आहे, हेही हा सिग्नल सांगतो! त्या निबंधाच्या तीन लेखकांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. ते पुढे मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आले आणि तिथे त्यांनी एनएमआरचं काम उभं केलं. म्हणजे दवाखान्यात एमआरआय यायच्या कितीतरी आधी मुंबईत हे विज्ञान शिकवलं जात होतं.

सिग्नलमधून चित्र काढायची युक्ती आली १९७३ मध्ये. पॉल लॉटरबर यांनी पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र काढलं. ब्रिटनमध्ये पीटर मॅन्सफिल्ड त्याच वाटेवर होते. २००३चं नोबेल या दोघांना मिळालं. निरोगी आणि आजारी पेशींचा सिग्नल वेगळा असतो हे १९७१ मध्ये दाखवणारे रेमंड दमाडियन मात्र बाहेर राहिले आणि त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. त्या भांडणावर एक वेगळा एपिसोड होईल.

लंडन, नोव्हेंबर १९८१

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात तेव्हा अगदी सुरुवातीचं मशीन होतं. चुंबकाची ताकद ०.१५ टेस्ला. आज आपल्याकडे सर्रास १.५ किंवा ३ टेस्लाची मशीन असतात, यावरून अंदाज घ्या. तिथल्या टीमने एमएसच्या १० पेशंटचा मेंदू दोन्ही प्रकारे पाहिला, आधी सीटी स्कॅनवर आणि मग या नव्या मशीनवर.

सीटीवर एकूण १९ डाग दिसले होते. नव्या मशीनवर ते तर दिसलेच, पण आणखी ११२ दिसले.

हा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्याचे पहिले लेखक इयन यंग हे डॉक्टर नव्हते, मशीन बांधणारे वैज्ञानिक होते. इंजिनिअर म्हणून मला या गोष्टीचा थोडा अभिमान वाटतो, लपवत नाही.

इतका फरक का पडला? सीटी म्हणजे शेवटी क्ष-किरण. हाड दिसतं, रक्तस्राव दिसतो, पण मायलिन गेलेला भाग आणि शेजारचा चांगला भाग त्याला जवळपास सारखेच दिसतात. एमआरआय बघतो पाणी. मायलिन हे चरबीचं आवरण. ते उखडलं की तिथे पाणी वाढतं आणि डाग पांढराशुभ्र उठून दिसतो. १९९२ मध्ये हॅमरस्मिथच्याच लोकांनी 'फ्लेअर' ही पद्धत आणली. तिच्यात मेंदूच्या पोकळ्यांमधलं पाणी काळं करून टाकतात, म्हणजे पोकळीला चिकटलेले डाग झाकले जात नाहीत. डॉसनची बोटं आता जिवंत माणसात दिसायला लागली.

कॅमेरा झाला, आता सीसीटीव्ही

माझ्या मते खरी क्रांती मात्र याच्यापुढे आहे. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. म्हणजे त्याच माणसाला पुन्हा पुन्हा मशीनमध्ये घालता येतं. १९८०च्या दशकाच्या शेवटी कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या टीमनी नेमकं तेच केलं. दर काही आठवड्यांनी त्याच पेशंटचा स्कॅन घेतला.

तोवर सगळे समजत होते, की एमएस झटक्याझटक्याने येतो. झटका आला की आजार जागा, गेला की झोपलेला. स्कॅन भलतंच सांगायला लागले. पेशंट ठणठणीत, कामावर जातोय, तक्रार शून्य, आणि आत नवे डाग पडतायत. जाणवणाऱ्या एका झटक्यामागे गुपचूप पडणारे पाच-दहा डाग असू शकतात. आजार झोपलेला नव्हताच, आवाज न करता काम करत होता.

१९८८ मध्ये अमेरिकेत गॅडोलिनियमच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. ताजा हल्ला चालू असेल तिथे रक्तवाहिनीची भिंत गळकी होते, औषध आत झिरपतं आणि तो डाग उजळतो. जुना डाग उजळत नाही. म्हणजे एकाच स्कॅनमध्ये ताजं आणि शिळं वेगळं करता आलं.

याचा मोठा परिणाम औषधांवर झाला. १९९३ मध्ये बीटा इंटरफेरॉनच्या चाचणीचे निकाल आले. ३७२ पेशंट होते. झटके कमी झाले होते, पण झटका म्हणजे काय यावर दोन डॉक्टरांचं एकमत होणं कठीण. व्हँकुव्हरच्या डोनल्ड पॅटी आणि डेव्हिड ली यांनी त्याच पेशंटचे स्कॅन मांडले. त्यातल्या ५२ जणांचे तर दर सहा आठवड्यांनी घेतलेले होते. औषध घेणाऱ्यांत नवे डाग स्पष्टपणे कमी होते. त्याच वर्षी अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. एमएसचा वेग कमी करणारं हे पहिलं औषध, आणि त्याच्या बाजूची मोठी साक्ष एमआरआयने दिली.

मग २००१ मध्ये न्यूरोलॉजिस्ट इयन मॅक्डॉनल्ड यांच्या नावाने निदानाचे नियम आले. त्यांचा गाभा दोन शब्दांत सांगता येतो: जागा आणि वेळ. डाग मज्जासंस्थेत वेगवेगळ्या जागी हवे होते आणि ते वेगवेगळ्या वेळी पडलेले हवे होते. वेळेचा पुरावा म्हणजे आधी नव्हता आणि आता आला असा डाग, किंवा नंतरच्या सुधारणांनुसार एकाच स्कॅनमध्ये उजळणारा आणि न उजळणारा डाग सोबत. आलं ना लक्षात? फरक ओळखा!

ताईचा डोळा आणि पाय इथे एकत्र आले. डोळ्याच्या नसेला सूज आलेल्या पेशंटचा अमेरिकेत १५ वर्षं पाठपुरावा झाला होता. सुरुवातीच्या एमआरआयवर एकही डाग नव्हता त्यांच्यापैकी साधारण २५ टक्के लोकांना पुढे एमएस झाला. एक जरी डाग होता, त्यांच्यात हे प्रमाण ७२ टक्के निघालं. आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे तसेच्या तसे लागू होतीलच असं नाही. पण डोळा बरा झाला म्हणून विषय संपत नाही, हे त्यातून कळतं. २०१८ मध्ये हे आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं.

'हा आपल्याकडचा आजार नाही'

भारतात बराच काळ एमएसला गोऱ्यांचा, थंड देशांचा आजार मानत. १९८०च्या दशकातले आपल्याकडचे अंदाज लाखात एखादा पेशंट असे होते. तेव्हा मुंबईत एक फार महत्त्वाचं काम झालं. एडी भरुचा, नोशिर वाडिया, बी. एस. सिंघल अशा न्यूरोलॉजिस्ट मंडळींनी मुंबईच्या पारशी समाजात मोजणी केली. १९८८ मध्ये आलेला आकडा होता लाखामागे २१.

शहर एक, हवा एक, ऊन एक, आणि फरक इतका. पारशी समाजाची मुळं इराणातली, लग्नं बहुतेक समाजातच. म्हणजे आजारात हवामानासोबत वंशाचाही हात असावा, हा प्रश्न दादर-ग्रँट रोडच्या वस्त्यांमधून जगापुढे गेला. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईतच, १९८५ मध्ये सुरू झाली.

पण बाकीच्यांत एमएस खरंच इतका कमी होता, की दिसत नव्हता? भारतात एमआरआय आलं १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, तेही मोजक्या महानगरांत. ते जसं पसरलं, न्यूरोलॉजिस्ट वाढले, तसे पेशंटही वाढत गेले. आजार एकदम पसरला असेल असं नाही, तो मोजणीत यायला लागला. आपल्या भागात 'अंगावरून वारं गेलं', 'कमजोरी आली' या नावांखाली किती जण राहून गेले असतील, कोण जाणे.

आणखी एक धडा आशियात मिळाला. काही पेशंटना डोळा आणि मज्जारज्जू एवढंच धरायचं, मेंदू जवळपास स्वच्छ. यांनाही एमएसच म्हणायचे. एमआरआयवर मात्र यांचा मज्जारज्जूतला डाग लांबच लांब दिसायचा, तीन किंवा जास्त मणक्यांएवढा. एमएसचा डाग आखूड असतो. २००४ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या व्हँडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांच्या रक्तात एक वेगळं प्रतिपिंड दाखवलं. हा आजार वेगळा होता, एनएमओ. फरक कागदोपत्री नाही. एमएसवरचं बीटा इंटरफेरॉन एनएमओच्या पेशंटची तब्येत बिघडवू शकतं. त्या लांब डागाकडे नीट बघणं म्हणजे चुकीचं औषध टाळणं.

आमच्या कपाटातली सीडी

आता घरची गोष्ट पूर्ण करतो. तिवसा हे नागपूर-अमरावती हायवेवरचं तालुक्याचं गाव. मोझरीचा गुरुकुंज आमच्याच तालुक्यात. एमआरआय काढायचा तर अमरावती, नाहीतर थेट नागपूर. ताईचा पहिला स्कॅन अमरावतीला झाला, जाड-जाड कापांमध्ये. कॉन्ट्रास्ट दिलंच नाही. निदान झालं, औषध सुरू झालं. आठ महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडतंय का बघू, नवा स्कॅन करा. तो नागपूरला केला, भारी मशीनवर. रिपोर्टची शेवटची ओळ होती: 'तुलनेसाठी जुन्या प्रतिमा उपलब्ध नाहीत.'

जुनी सीडी आमच्याकडे होती. कपाटात साड्यांखाली जपून ठेवलेली. पण ती कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडेना. सेंटरला फोन केला तर म्हणाले, एवढा जुना डेटा आम्ही ठेवत नाही. फिल्म होती, पण तिच्यावरून जाड कापांची बारीक कापांशी तुलना करायची म्हणजे तिरक्या कागदावरचं कोडं सोडवणं. नव्या स्कॅनमध्ये पाच डाग जास्त दिसत होते. ते खरंच नवे, की चांगल्या मशीनने जुनेच पहिल्यांदा दाखवले? डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, सांगता येत नाही, सहा महिने थांबून याच मशीनवर परत बघू.

त्या सहा महिन्यांत ताईला दुसरा झटका आला. डाव्या पायातली ताकद पूर्ण परत आली नाही. तुलना वेळेवर झाली असती आणि औषध आधी बदललं असतं तर हे टळलं असतं का? मी स्वतःला हा प्रश्न विचारणं आता बंद केलंय. पण मी दिवसभर ऑफिसात कोडच्या दोन आवृत्त्यांमधला फरक बघून पगार घेतो, एक फाइल तीन ठिकाणी जपतो, आणि घरच्या सगळ्यात महत्त्वाच्या फाइलची एकच प्रत होती. ही टोचणी जात नाही.

म्हणून जे तेव्हा माहीत असायला हवं होतं ते सांगतो. २०२१ मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन शिफारशी केल्या. पुढचे स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर आणि त्याच पद्धतीने करा, काप बारीक ठेवा, औषध सुरू केल्यावर काही महिन्यांनी नवा पाया धरणारा स्कॅन घ्या आणि मग साधारण वर्षाने एक. गॅडोलिनियमचे अंश मेंदूत साठून राहतात असं २०१४ पासून दिसून आलं, त्यामुळे ते दरवेळी द्यायची गरज नाही, असंही त्यांनी सांगितलं. ताईला काय लागू हे डॉक्टर ठरवतात, तुमचंही तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण सीडी घेतल्या दिवशीच उघडून बघणं, तिची प्रत पेनड्राइव्हवर आणि ड्राइव्हवर टाकणं, हे आपल्या पिढीचं काम आहे. आईवडील ते करणार नाहीत, आपण करायचं. फोनवर काढलेला फिल्मचा फोटो चालत नाही, मूळ फाइल लागते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. डाग मोजून माणूस मोजता येत नाही. ढीगभर डाग असलेला कुणी शेतात राबतो आणि मोजके डाग असलेल्याला चालता येत नाही, कारण डाग कुठे पडला यावर बरंच ठरतं. आणि कितीतरी नुकसान साध्या स्कॅनमध्ये दिसतच नाही. शार्कोला शेवटची फ्रेम दिसली, आपल्याला मधल्या काही दिसतात, अख्खा सिनेमा अजून कुणालाच दिसलेला नाही.

२०१६च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे, म्हणजे प्रमाणपत्र मिळू शकतं. ताईने अर्ज केला, तेव्हाही पहिला कागद मागितला तो एमआरआयचा.

या जानेवारीत आम्ही परत नागपूरला गेलो. तेच मशीन, तीच पद्धत, पेनड्राइव्ह माझ्या खिशात. रिपोर्टची शेवटची ओळ यावेळी वेगळी होती: 'मागील स्कॅनच्या तुलनेत नवीन डाग नाही.' मी ती तीनदा वाचली.

ताई म्हणाली, "म्हंजे काहीच नाही झालं?"

"काहीच नाही."

"मंग एवढ्यासाठी अडीच तास इकडे आणलं का मले?"

हो ताई, एवढ्याचसाठी.

भेटू पुढच्या भागात. तोवर घरातली एखादी जुनी सीडी उघडते का, तेवढं बघा.